नंदुरबार मंडीच्या पलीकडे
सहा तालुक्यांचा व्यापारी दौरा कसा आखावा?

नंदुरबारला माल घ्यायला किंवा विकायला जाणारे आपले बहुतेक व्यापारी बांधव रेल्वेतून उतरतात, बाजार समितीच्या आवारात फेरी मारतात, ओळखीच्या दुकानात चहा घेतात आणि संध्याकाळच्या गाडीने परततात. म्हणजे नंदुरबार जिल्हा त्यांनी पाहिला असे नव्हे, नंदुरबार शहर पाहिले एवढेच. १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्याचे विभाजन होऊन हा जिल्हा झाला. नंदुरबार, नवापूर, शहादा, तळोदे, अक्कलकुवा आणि अक्राणी म्हणजे धडगाव असे त्याचे सहा तालुके. २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या सुमारे साडेसोळा लाख आणि त्यात आदिवासी बांधव शंभरात एकोणसत्तर. तापीकाठची काळी जमीन, सातपुड्याचे डोंगर, नर्मदेचा काठ आणि गुजरातला लागून असलेला नवापूरचा जंगलपट्टा या चार मुलखांचे पीक वेगळे, बोली वेगळी आणि गिऱ्हाईकही वेगळे.

छोट्या भांडवलाच्या कारागिराने आणि फेरीवाल्याने हा फरक समजून घेतला तर शहरातल्या दलालावर अवलंबून राहण्याची गरज बरीच कमी होते. समजून न घेता चुकीच्या महिन्यात गाडीभर माल डोंगरात नेला, तर भाडेही अंगावर पडते आणि उधारीही. म्हणून दौरा आधी कागदावर आखावा, मग गाडी ठरवावी.

जुनी पेठ

व्यापाराच्या वाटेवरचे हे शहर नवे नाही. इब्न बतूता १३४२ च्या सुमारास दिल्लीहून निघून दौलताबादमार्गे खंबायतकडे जाताना येथून गेला. येथील मराठा रहिवासी हुन्नर, वैद्यक आणि ज्योतिष यांत निपुण असल्याची नोंद त्याने आपल्या प्रवासवर्णनात केली आहे. ‘आईन-ए-अकबरी’त नंदुरबारच्या द्राक्षांची आणि खरबुजांची वाखाणणी आहे. १६६६ मध्ये इंग्रजांनी येथे वखार घातली होती. शहादे तालुक्यातले सुलतानपूर हे त्या काळी मोठे ठाणे, आज तेथे जुन्या वैभवाचे अवशेष उरले आहेत. पेठ वाटेवर राहिली तर जगते, वाट बदलली की ओस पडते, हा धडा सुलतानपुरापासून घ्यावा.

आजची वाट म्हणजे सुरत-भुसावळ रेल्वे, नवापूर-विसरवाडीवरून जाणारा सुरत-नागपूर महामार्ग आणि अंकलेश्वरहून अक्कलकुवा, तळोदे, प्रकाशे, शहादे असा बऱ्हाणपूरकडे जाणारा रस्ता. या तीन वाटा ध्यानात ठेवल्या की जिल्ह्याचा नकाशा डोक्यात बसतो.

आधी महिना ठरवा

या जिल्ह्यात गाव ठरवण्याआधी महिना ठरवावा लागतो. पावसाळा संपला की ओल्या लाल मिरचीची आवक सुरू होते. फापडा, लाली, जरेला, शंकेश्वरी अशी नावे त्या काळात मंडीत कानी पडतात. लिलाव झालेली मिरची शहराबाहेरच्या पथारींवर पसरतात, सुकवतात आणि बायका देठ खुडतात. तीन-चार किलो ओल्या मिरचीतून साधारण एक किलो सुकी मिळते. म्हणून ओल्या मिरचीचा भाव ऐकून सुक्याचा हिशेब करताना घट, मजुरी आणि भाडे धरलेच पाहिजे. पथारीवर मिरची असताना अवकाळी पाऊस आला तर लाखाचा माल काळा पडतो. मसाल्याचा छोटा धंदा करणाऱ्याने घाईने ओली मिरची घेण्याऐवजी पथारीवर जाऊन सुकी मिरची हातात मोडून पाहावी. कडक वाजली तर ठीक, वाकली तर ओल आहे असे समजावे.

मार्गशीर्ष पौर्णिमेला, म्हणजे दत्तजयंतीला, तापीकाठी सारंगखेड्याची यात्रा भरते. येथला घोडेबाजार देशभर प्रसिद्ध आहे. मारवाडी आणि काठेवाडी जातीची जनावरे घेऊन दूरदूरच्या राज्यांतले व्यापारी येतात. घोडा विकणारा आणि घेणारा दोघेही मोठे असतात, पण कारागिराची कमाई घोड्याच्या अंगावर आहे. नाल, लगाम, रिकीब, खोगीर, चाबूक, घुंगरमाळा, गोंडे यांना तेथे मागणी असते. नालबंद, चर्मकाम करणारे आणि पितळकाम करणारे यांनी निदान एक वर्ष नुसते पाहायला जावे. कोणती वस्तू कोठून येते, काय भावाने जाते, दुरुस्तीचे काम किती निघते हे लिहून घ्यावे. दुकानाची जागा यात्रेच्या आधीच ठरवावी, ऐन गर्दीत मिळालेली जागा कोपऱ्याची आणि महाग असते.

होळीचा बाजार

सातपुड्याच्या गावांत वर्षातला सर्वांत मोठा खर्च होळीला होतो. दिवाळीनंतर असंख्य आदिवासी कुटुंबे गुजरातेत आणि इतरत्र ऊसतोडीला व मजुरीला जातात. हिवाळ्यात पाड्यांवर म्हातारी माणसे आणि जनावरे तेवढी उरतात. होळी जवळ आली की कुटुंबे गावी परततात, हातात हंगामाची मजुरी असते. होळीच्या आधीच्या आठवड्यात ठिकठिकाणी भोंगऱ्या बाजार भरतो. डाळ्या, गूळ, साखरेचे हार, कपडे, बांगड्या, चांदीचे दागिने, घुंगरू आणि ढोलाचे सामान यांची खरेदी त्याच आठवड्यात होते. अक्कलकुवा तालुक्यातील काठी येथील राजवाडी होळी पाहायला तर दूरवरून माणसे येतात.

म्हणून मणियार, कापडवाले, चांदीवाले आणि मिठाईवाले बांधवांनी डिसेंबर-जानेवारीत डोंगराकडे जास्त माल नेऊ नये. तोच माल होळीच्या आधीच्या पंधरवड्यासाठी राखावा. आपला हिजरी महिना दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकतो. २०२५ मध्ये होळी रमजानातच आली होती. अशा वर्षी रोज्यात दिवसभर उन्हात दुकान लावायचे असते, इफ्तारला मुक्काम कोठे हेही आधी पाहावे लागते. घरातल्या दोघांनी पाळी लावून बसावे, म्हणजे इबादतही होते आणि बाजारही सुटत नाही.

एप्रिलपासून डोंगरातला माल खाली येऊ लागतो. मोहाची फुले, चारोळी, पुढे तेंदूपाने आणि आमचूर. धडगाव व मोलगी भागात घराघरांत कैरी सोलून, चिरून उन्हात वाळवतात. फोडी पांढऱ्या आणि कोरड्या असतील तर भाव चढा, काळसर पडल्या तर उतरता. नंदुरबारच्या आमचुराला भौगोलिक मानांकन मिळाले आहे. नवापूरच्या तूरडाळीला ते २०१६ मध्येच मिळाले. अशा मालावर गावाचे नाव लिहून विकता येते, पण मग आत दुसरीकडचा माल भरता येत नाही. नावाचा माल म्हणजे जबाबदारीचा माल.

सहा दिवसांची फेरी

पहिल्यांदा जाणाऱ्याने सहा दिवस काढावेत. पहिला दिवस नंदुरबारचा. सकाळी बाजार समिती आणि पथाऱ्या, दुपारी शहरातली घाऊक दुकाने, वेळ मिळाल्यास इमाम बादशाह दर्ग्यावर फातिहा. पुढच्या गावांचे आठवडे बाजार कोणत्या वारी आहेत ते येथल्या घाऊक दुकानदाराला विचारून वहीत लिहून घ्यावे. फेरीवाल्यांना माल तोच देत असल्यामुळे त्याला सगळे वार पाठ असतात. मग पुढचे दिवस त्या वारांप्रमाणे मागेपुढे करावेत.

दुसऱ्या दिवशी तापी ओलांडून प्रकाशे आणि शहादे. शहादे हा बागायती तालुका आहे. ऊस, केळी आणि पपई यांवर येथली पेठ चालते. पुरुषोत्तमनगरच्या साखर कारखान्याभोवती दुरुस्ती, वेल्डिंग, टायर, बॉडीकाम अशा धंद्यांना काम असते. पपई उत्तरेकडच्या शहरांत ट्रकने जाते, आणि फळ नाशवंत असल्यामुळे पॅकिंगचे सामान व गाडीची तातडीची दुरुस्ती या दोन गोष्टींसाठी येथे माणूस लागतोच. मिस्त्रीकाम जाणणाऱ्या तरुणाने हे ध्यानात घ्यावे.

तिसऱ्या दिवशी म्हसावद, राणीपूर असा घाट चढून तोरणमाळ. शहाद्यापासून सुमारे ५५ किलोमीटर, उंची समुद्रसपाटीपासून सुमारे ११५० मीटर. यशवंत तलाव, दाट झाडी आणि कडाक्याची थंडी यांसाठी लोक येतात. महाशिवरात्रीला मोठी यात्रा असते. रजई-गादी भरणाऱ्या पिंजारी-मन्सुरी बांधवांनी येथल्या मुक्कामाच्या ठिकाणी चौकशी करून पाहावी, थंडीच्या गावाला गादीवाला परका नसतो.

चौथा दिवस धडगावचा, पाचवा मोलगीवरून अक्कलकुव्याचा. धडगावच्या बाजारात पावरी बोली चालते, अक्कलकुव्याकडे भिली. दहा-बारा शब्द शिकून घ्या. भाव, वजन, किती, उद्या, आई, भाऊ एवढे आले तरी समोरच्याच्या चेहऱ्यावर फरक दिसतो. अक्कलकुव्यात १९७९ मध्ये मौलाना गुलाम मोहम्मद वस्तानवी यांनी जामिया इस्लामिया इशाअतुल उलूमची स्थापना केली. मौलाना मे २०२५ मध्ये अल्लाहला प्यारे झाले. एका मदरशाभोवती वसतिगृहे आणि दीनी शिक्षणाबरोबर हुन्नराचे शिक्षण उभे राहिले, की गावाची पेठ कशी वाढते हे व्यापाऱ्याने येथे डोळ्यांनी पाहावे.

सहाव्या दिवशी तळोदे आणि हातोडा पुलावरून परत नंदुरबार. नवापूरसाठी वेगळा दिवस ठेवावा, ते रेल्वेनेही जमते. नवापूरचे स्टेशन महाराष्ट्र आणि गुजरात यांच्या सीमेवरच आहे, अर्धा फलाट इकडे तर अर्धा तिकडे. येथला कोंबडीचा आणि अंड्यांचा धंदा मोठा. पण फेब्रुवारी २००६ मध्ये देशातला पहिला बर्ड फ्लू येथेच आढळला आणि लाखो कोंबड्या नष्ट कराव्या लागल्या. २०२१ मध्ये पुन्हा तेच संकट आले. या धंद्यात उतरणाऱ्याने सगळे भांडवल एकाच शेडमध्ये घालू नये, आणि अंडी-कोंबडीच्या उधारीवर आपला दुसरा धंदा टांगू नये.

घाट, पैसा आणि कागद

पावसाळ्यात डोंगराचा दौरा टाळावा. चांदसैली घाटात दरड कोसळून धडगावची वाट बंद पडण्याचे प्रसंग येतात. नर्मदाकाठची गावे तर आणखी दूर. सरदार सरोवराच्या पाण्याचा फटका महाराष्ट्रातल्या ३३ गावांना बसला, तेथे काही ठिकाणी होडीशिवाय गत्यंतर नाही. घाटात संध्याकाळनंतर मालाची गाडी घालू नये. मोबाईलला रेंज नसेल तर पैसेही मोबाईलने येत नाहीत, म्हणून सुटे पैसे आणि छोट्या नोटा जवळ ठेवाव्यात. डोंगरात खानावळी मोजक्या, तेव्हा दोन वेळची भाकरी-चटणी सोबत असावी. प्रवासातल्या कसर नमाजचे मसले निघण्यापूर्वी आपल्या इमामसाहेबांना विचारून घ्यावेत.

जकात नाके गेले, पण कागद सुटले नाहीत. जीएसटी १ जुलै २०१७ पासून लागू आहे. नवापूर किंवा अक्कलकुव्यावरून गुजरातेत पन्नास हजारांपेक्षा अधिक किमतीचा करपात्र माल नेताना ई-वे बिल लागते. वनोपजाच्या बाबतीत गावाच्या ग्रामसभेचे हक्क आहेत. २००६ च्या वनहक्क कायद्याने ते मान्य केले आहेत, म्हणून गावाला विचारूनच खरेदी करावी.

तराजू सरळ ठेवा

शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. डोंगरातला गिऱ्हाईक साधा आहे असे पाहून पूर्वी अनेकांनी त्याला लुबाडले. आमचूर घेताना एक माप, मीठ-तेल विकताना दुसरे. चांदी म्हणून भलताच धातू. सणाला दिलेली उधारी पुढच्या पिकावर व्याजासकट वसूल. असे करणाऱ्यांत सर्व जातिधर्मांचे लोक होते, आपलेही होते. कुरआनमध्ये सूरह अल-मुतफ्फिफीन ही माप मारणाऱ्यांना दिलेल्या ताकिदीनेच सुरू होते, आणि व्याज तर हरामच. तेव्हा काटा सर्वांना दिसेल असा ठेवावा, भाव आधी सांगावा, चांदीची शुद्धता आणि वजन चिठ्ठीवर लिहून द्यावे, उधारी दिलीच तर मूळ रकमेइतकीच घ्यावी.

यात सवाब आहेच, व्यवहारही आहे. आदिवासी बाजारात एकाची फसवणूक संध्याकाळपर्यंत दहा पाड्यांवर पोचते, आणि खरेपणाही तसाच पोचतो. ज्याच्या बांगडीवर आजीने विश्वास ठेवला त्याच्याच दुकानावर नात येते. हे गिऱ्हाईक जपले, महिना ओळखला आणि वहीत बाजाराचे वार नीट लिहिले, तर सुरतेच्या कारखान्यांत रोजंदारीला जाणाऱ्या आपल्या किती तरी मुलांना घराजवळच रोजी मिळू शकेल. येत्या दत्तजयंतीला सारंगखेड्यापासून सुरुवात करा. बरकत देणारा अल्लाह आहे, तराजू मात्र आपल्या हातात आहे.