स्वसंमोहन आणि उतारवयातील झोप

‘संमोहन’ हा शब्द नुसता उच्चारला तरी आपल्याकडील वडीलधारी मंडळी सावध होतात. बारामतीच्या पेठेत काय किंवा इंदापूरकडील एखाद्या वस्तीवर काय, या शब्दाबरोबर वशीकरण आणि भर सभेत माणसाला कोंबड्यासारखे आरवायला लावणारा जादूगार डोळ्यांपुढे उभा राहतो. झोपेसाठी याचा उपयोग होईल असे सांगावे, तर आजोबा म्हणतात, “या वयात आपले भान दुसऱ्याच्या हाती कशाला द्यायचे?”

शंका रास्त आहे. परंतु स्वसंमोहनात दुसरा कोणी नसतोच. सूचना देणारे आपण, घेणारेही आपणच. आणि वाटेल तेव्हा डोळे उघडून उठता येते. गैरसमजाचा बराचसा दोष नावाकडे जातो. जेम्स ब्रेड या स्कॉटिश शल्यवैद्याने 1843 साली निद्रावाचक ग्रीक शब्दावरून ‘हिप्नॉटिझम’ हे नाव रूढ केले. वस्तुतः ही झोप नव्हे. चित्त एकाच कल्पनेवर स्थिरावण्याची ती अवस्था आहे, हे पुढे ब्रेडच्याही ध्यानात आले आणि 1847 साली त्याने तशा अर्थाचे नवे नाव सुचविले. पण जुनेच नाव चिकटले ते चिकटलेच!

आजीबाईंचा आक्षेप निराळा असतो : “आम्ही नाम घेतो, तेवढे पुरे.” तुकोबांची पालखी दरवर्षी ज्या बारामती-इंदापुरावरून जाते, तिथे हे उत्तर यायचेच. नामाचा हेतू भक्ती. त्याला निद्रेचे औषध ठरविणे अनुचित होय. तथापि एकाच शब्दावर मन ठेवणे आणि श्वास संथ होणे, ही सवय ज्यांना आहे त्यांना स्वसंमोहन परके वाटण्याचे कारण नाही.

तिसरे मत सर्वांत घातक : “वय झाले, झोप जायचीच.” उतारवयात गाढ झोप कमी होते व जाग वारंवार येते, हे खरे, पण झोपेची गरज फारशी घटत नाही. ज्याने उमेदीची वर्षे रात्रीच्या विजेवर मोटार चालवून उसाला दारे धरण्यात घालविली, त्याची झोप मोडलेली असेल तर त्याचे खापर केवळ वयावर कसे फोडावे?

स्वित्झर्लंडमधील संशोधकांनी 2015 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, सूचना सहज स्वीकारणाऱ्या निरोगी वृद्ध स्त्रियांची दुपारच्या डुलकीतील गाढ झोप संमोहनाच्या सूचना ऐकल्यावर सुमारे 57 टक्क्यांनी वाढली. त्या निद्रानाशाच्या रुग्ण नव्हत्या, आणि सूचना प्रत्येकाला सारख्या लागू पडत नाहीत. तेव्हा चमत्काराची अपेक्षा नको. मात्र झोपेच्या गोळीने म्हाताऱ्या माणसाचा रात्री तोल जाऊन हाड मोडण्याचा धोका वाढतो. असा धोका यात नाही.

करायचे ते थोडेच. अंथरुणावर पडून अंग पायांपासून सैल सोडावे, श्वास सोडण्याकडे लक्ष द्यावे, आणि पाटाचे पाणी सरीतून संथ पुढे सरकत आहे असे काही ओळखीचे चित्र मनात धरावे. “झोप आलीच पाहिजे” असा हट्ट धरल्यास ती पळते; “अंग जड होत आहे” एवढेच म्हणावे. काही आठवडे नेमाने करून पाहावे. घोरताना श्वास अडकत असेल, लघवीसाठी किंवा दुखण्याने वारंवार उठावे लागत असेल, तर मात्र आधी डॉक्टरांकडे जावे. आणि चालू असलेली गोळी त्यांना विचारल्यावाचून एकदम बंद करू नये.