जुन्या डिझेल जीपचा पंप : घरीं काय करावें व कोठें थांबावें

ठाण्याहून भिवंडीकडे जाणाऱ्या जुन्या आग्रा रस्त्यावर, कशेळीच्या पुलाच्या अलीकडे, बाळकुम हें आमचें गांव आहे. येथील भाताचीं खाचरें बहुतेक इमारतींखालीं गेलीं. परंतु आमच्यासारख्या ज्यांची थोडीबहुत जमीन खाडीपलीकडे भिवंडी तालुक्यांत उरली आहे, त्यांस रोपें, खताचीं पोतीं व माणसें घेऊन पूल ओलांडावाच लागतो. आषाढांत बांधाकडे जाणारी वाट म्हणजे निव्वळ चिखल. त्या वाटेनें साधी मोटार जात नाहीं; चारही चाकांना जोर देणारी जुनी डिझेल जीपच जाते, म्हणून तिला आम्हीं आजवर मोडींत घातलेलें नाहीं.

गेल्या वर्षीं ऐन लावणीच्या दिवसांत, रोपांच्या मुठी लादलेल्या असतां, ही जीप पुलाच्या मध्यावर गचके खाऊन बंद पडली. मागें वाहनांची रांग, वरून पाऊस. चौघांनीं ढकलून ती कशीबशी पुलापार नेली. तेथील एका मिस्त्रीनें दोन वेळां सेल्फ मारून पाहिला व सांगितलें, “काका, पंप गेला. काढून पाठवावा लागेल, आठ दिवस धरा.” खर्चाचा आंकडा ऐकला तर आमच्या त्या वर्षाच्या निम्म्या भाताचा! पैशाचें एक वेळ सोडून द्या. पण उपटलेलें रोप आठ दिवस कोणासाठीं थांबतें? आम्हीं पंप काढूं दिला नाहीं. संध्याकाळपर्यंत शोधतां शोधतां दोष सांपडला तो फिल्टरच्या नळीच्या बोल्टाखालीं. तेथला तांब्याचा वायसर चिरला होता. नवा वायसर चहाच्या एका कपाहून स्वस्त पडला.

तो मिस्त्री लबाड होता असें आम्ही म्हणत नाहीं. पुष्कळ ठिकाणीं तपासण्यापेक्षां पंप बदलणें सोपें झालें आहे, इतकेंच. आमची हयात महसूल खात्याच्या कारकुनींत गेली. तेथें पंचनाम्यावांचून निकाल देत नाहींत. निदान देऊं नये असा नियम आहे. तोच नियम आम्हीं इंजिनास लावला. यंत्रविद्येची परीक्षा आम्हीं कधींच दिलेली नाहीं.

डिझेल इंजिनांत ठिणगी नसते. पिस्टन हवा दाबतो, ती इतकी तापते कीं तींत फवारलेलें तेल आपोआप पेटतें. रुडॉल्फ डिझेल यांच्या १८९७ सालच्या इंजिनांत हें तेल दाबलेल्या हवेच्या जोरानें आंत लोटावें लागे व त्यासाठीं निराळें यंत्र जोडावें लागे. असलें धूड मोटारींत बसणें कठीण होतें. जर्मनींतील रॉबर्ट बॉश यांच्या कारखान्यानें १९२७ सालीं तेलच दाबून सोडणारा आटोपशीर पंप मोठ्या संख्येनें करण्यास आरंभ केला, तेव्हां डिझेल इंजिनाचा रस्ता मोकळा झाला. आपल्याकडे १९५१ सालीं स्थापन झालेल्या मायको कंपनीनें बॉशच्या परवान्यानें बंगळुरास हे पंप काढले, व नोझलें तर आपल्या नाशकांतही होऊं लागलीं. या कंपनीचें नांव २००८ सालीं बॉश झालें, तरी जुन्या मिस्त्रींच्या तोंडीं अद्याप ‘मायको’च आहे.

या पंपाच्या पोटांत प्रत्येक सिलिंडरसाठीं एक दट्टा असतो. (चारही दट्टे एका ओळींत असलेल्या पंपाविषयींच आम्ही लिहीत आहों, गोल पंपाची रचना वेगळी.) दट्टा व त्याची नळी यांमधील फट मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या दोन-तीन पट, म्हणजे आपल्या डोक्याच्या केसाच्या जाडीच्या वीस-पंचवीसाव्या हिश्श्याएवढी. त्या फटींत वंगण म्हणून वेगळें ऑईल जात नाहीं. डिझेल हेंच वंगण. म्हणून थोड्या बचतीसाठीं डिझेलांत रॉकेल मिसळणारा मनुष्य आपल्याच पंपाचा दट्टा खरवडीत असतो.

आतां तेलाची वाट पाहूं. टाकींतून तेल निघतें, तें पंपाच्या अंगास बसविलेला लहान फीडपंप ओढतो, फिल्टरमधून मोठ्या पंपांत ढकलतो. तेथून पोलादी नळ्यांनीं तें नोझलांकडे जातें. फिल्टरपर्यंतचा व मोठ्या पंपाच्या तोंडापर्यंतचा भाग हलक्या दाबाचा. पुढचा भाग भयंकर दाबाचा. शेतकऱ्याचा अधिकार पहिल्या भागावर पूर्ण आहे, दुसऱ्यावर फार थोडा. आणि आमच्या अनुभवांत जीप जितक्या वेळां अडली, त्यांपैकीं एक वेळ सोडल्यास दोष पहिल्याच भागांत निघाला.

प्रथम टाकींत डिझेल आहे काय तें काठी घालून पाहावें. हंसूं नये, जुन्या जीपचा कांटा खोटें बोलतो. मग टाकीच्या झांकणाचें हवेचें भोंक पाहावें. तें चिखलानें बुजलें कीं तेल ओढलें जात असतां टाकींत पोकळी होते व मैल-दोन मैलांवर इंजिन गुदमरतें. झांकण सैल करतांच पुन्हां चालूं लागतें. गाडी बंद करण्याची तार अर्धवट ओढलेली राहिली नाहीं ना, हेंही पाहावें. एवढ्यासाठीं लोकांनीं पंप उतरविलेले आम्हीं पाहिले आहेत.

यानंतर हवा. डिझेल दबत नाहीं, हवा दबते. पंपांत हवेचा बुडबुडा शिरला कीं दट्टा त्यालाच दाबतो व सोडतो, आणि नोझल उघडतच नाहीं. यांत मोठी गंमत अशी कीं, टाकी व फीडपंप यांमधील सांध्यांतून हवा आंत ओढली जाते, पण तेल बाहेर गळत नाहीं. त्यामुळें नुसतें पाहून दोष दिसत नाहीं. यावर सोपा उपाय आहे. फीडपंपापुढच्या नळींत वीतभर पारदर्शक प्लास्टिकची नळी तात्पुरती जोडावी व इंजिन चालवावें. बुडबुडे दिसले तर दोष टाकीकडे आहे; मग एकेक सांधा आवळीत मागें जावें. आमच्या जीपचा वायसर मात्र फीडपंपाच्या पुढच्या अंगाचा होता, म्हणून तेथें ओल दिसली. पण पावसांत भिजलेल्या इंजिनावरील ती ओल डिझेलची हें कळण्यास बोट लावून वास घ्यावा लागला. सकाळीं गाडी सुरू होण्यास त्रास, व दिवसभर ठीक, असें होत असल्यास रात्रीं तेल टाकींत उतरतें असें समजावें.

सांधा दुरुस्त झाल्यावर हवा काढावी. फिल्टरच्या डोक्यावरील स्क्रू दोन फेरे सैल करून फीडपंपाचा हातपंप मारीत राहावें. आधीं फेंस येईल, मग बुडबुड्यांसह तेल, मग स्वच्छ धार. धार वाहत असतांनाच स्क्रू आवळावा. तेंच मोठ्या पंपावरील स्क्रूला करावें. नंतर नोझलांवरील नळ्यांचे नट अर्धा-एक फेरा सैल करून दुसऱ्यानें सेल्फ मारावा. प्रत्येक नळीच्या तोंडाशीं तेल उसळूं लागलें कीं नट आवळावे. सेल्फ एका वेळीं दहा-पंधरा सेकंदांहून अधिक मारूं नये व मध्यें विसांवा द्यावा, नाहींतर बॅटरी बसते व मग खापर पुन्हां पंपावरच फुटतें. हातपंपाची मूठ शेवटीं फिरवून बसविण्यास विसरूं नये.

कोकणपट्टींत हवेपेक्षां पाणी जास्त घातक. अर्धी रिकामी टाकी रात्रीं गार होते, आंतल्या दमट हवेचें दंव धरतें व तें तळाशीं उतरतें. त्याच पाण्याच्या थरावर बारीक जंतू वाढतात व काळपट चिकटा होतो. तो फिल्टर बुजवितो. पाणी पंपांत गेलें व गाडी महिनाभर उभी राहिली, तर दट्टे गंजून धरतात. म्हणून पावसाळ्यांत टाकी संध्याकाळींच भरून ठेवावी, आठवड्यांतून एकदां फिल्टरच्या तळाचा स्क्रू सैल करून कांचेच्या पेल्यांत थोडें तेल काढावें व तें थोडा वेळ ठेवून पाहावें. पाणी खालीं वेगळें दिसतें. पहिल्या पावसापूर्वीं नवा फिल्टर घालावा. फिल्टर धुऊन पुन्हां वापरण्याची संवय आमच्या मंडळींत आहे. कागदी फिल्टरला ती लागू नाहीं.

इंजिन चालतें पण एका सिलिंडरवर लंगडतें, असें झाल्यास नोझल पाहावें. इंजिन मंद ठेवून, हातमोजे व चष्मा घालून, नटावर फडकें टाकून एका वेळीं एकच नट सैल करावा. आवाज बदलला तर तें सिलिंडर काम करीत होतें. जेथें कांहींच फरक पडत नाहीं तेथें दोष. हा प्रयोग जुन्या पंपाच्या गाडीवरच करावा. १९९७ पासून मोटारींत आलेल्या कॉमन रेल पद्धतींत तेलाचा दाब हजार किलोच्याही वर जातो. तेथें चालत्या इंजिनाचा नट सोडणें म्हणजे जिवाशीं खेळ.

नोझल स्वतः उतरवितां येतें. आधीं सभोंवारची माती ब्रशानें व डिझेलनें धुवावी, उघड्या नळ्यांच्या तोंडांस टोप्या घालाव्या, सुती चिंध्यांचे धागे आंत जाऊं देऊं नयेत. खालचा तांब्याचा वायसर भोंकांत चिकटून राहतो. तो तसाच ठेवून वर दुसरा टाकला कीं नोझल उंच बसतें व कॉम्प्रेशन सुटतें. वायसर दर वेळीं नवाच घालावा. परंतु नोझल उघडण्याचा दाब ठरविणें हें घरचें काम नव्हे. थेट फवाऱ्याच्या इंजिनांत तो साधारण दोनशे किलोंच्या आसपास असतो. टायरमध्यें आपण दोन-तीन किलो भरतों, यावरून कल्पना यावी. नोझल हातांत धरून, सेल्फ मारून फवारा ‘पाहणारे’ वीर आहेत. तो फवारा कातडी भेदून आंत शिरतो. जखम टांचणीच्या टोंचण्याएवढी दिसते, प्रथम दुखतही नाहीं, आणि कांहीं तासांत हात काळानिळा होतो. असें कोणास झाल्यास हळद लावून बसूं नये. तत्काळ मोठ्या इस्पितळांत नेऊन डॉक्टरांस ‘दाबाचें डिझेल आंत गेलें आहे’ हे शब्द सांगावे. उशीर झाल्यास बोट, कधीं हातही, जातो.

आतां आमची स्वतःची चूक. कांहीं वर्षांपूर्वीं चढावर जोर कमी वाटला म्हणून पंपाचें शिशाचें सील तोडून तेलाचा स्क्रू आम्हीं स्वहस्तें फिरविला. जोर वाढला, त्याबरोबर काळा धूरही. प्रदूषण तपासणींत जुन्या डिझेल गाडीस धुराची मर्यादा ६५ एकक आहे. आमची जीप तींत बसेना. चौकशीअंतीं खरें कारण निघालें तें हवेच्या फिल्टरांत साठलेलें भाताचें तूस! पंपाचें माप मात्र बिघडून बसलें, आणि वर सांगितलेली ‘एक वेळ’ ती हीच. चारही दट्ट्यांनीं सारखें तेल द्यावें लागतें. तें सारखें आहे कीं नाहीं हें चांचणीच्या बेंचवरच, कांचेच्या नळ्यांत मोजून कळतें. घरीं कितीही कान लावला तरी कळत नाहीं.

बराच काळ उभी असलेली किंवा पंप उतरवून बसविलेली गाडी प्रथम सुरू करतांना हवेच्या तोंडाजवळ एक लांकडी फळी घेऊन मनुष्य उभा करावा. आंतली दांडी अडकलेली असली तर इंजिन आपोआप पिसाळून वेग घेतें व चावी काढल्यानें थांबत नाहीं. हवेचें तोंड फळीनें बंद केल्यासच थांबतें. हात लावूं नये, फडकें तर मुळींच नाहीं. तें आंत ओढलें जातें.

पंप बेंचवर देण्याची वेळ आलीच, तर दुकानदाराकडून चारही दट्ट्यांचीं मापें व नोझलांचे दाब, दुरुस्तीपूर्वींचे व नंतरचे, कागदावर लिहून घ्यावे. जो लिहून देण्यास कांकूं करतो त्याच्याकडून पंप उचलून आणावा. आमच्या वहींत अशा दोन चिठ्ठ्या डकविलेल्या आहेत, व त्यांशेजारीं तो चिरलेला वायसर. ज्यांस पाहावयाच्या असतील त्यांनीं बाळकुमास अवश्य यावें. मात्र लावणीच्या दिवसांत नव्हे.