सेन्सरला गगनबावड्याचा जुलै झेपेल का?

गळीत हंगाम सुरू झाला की कोल्हापूर-गगनबावडा रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागते. त्यात करूळ घाट चढून येणारे ट्रक. चढावर दम काढणाऱ्या डिझेल इंजिनातून काळा धूर निघतो, तो सगळ्यांना दिसतो. त्याच्यासोबतचा नायट्रोजन डायऑक्साइड मात्र इतका विरळ असतो, की तो डोळ्यांना दिसत नाही. तो मोजणारी प्रमाणित यंत्रे महागडी, त्यामुळे ती मोठ्या शहरांतच बसतात. घाटमाथ्यावर परवडेल तो नखाएवढा सेन्सर.

त्याची सुरुवात 1962 मधली. जपानमध्ये तेत्सुरो सेइयामा यांनी झिंक ऑक्साइडच्या पातळ थराने वायू ओळखता येतो हे दाखवले. त्याच वर्षी कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठ सुरू झाले आणि पुढे तिथला पदार्थविज्ञान विभाग पातळ थरांच्या संशोधनासाठी नावाजला गेला. तिथली आवडती पद्धत म्हणजे स्प्रे पायरोलिसिस. तापलेल्या काचपट्टीवर धातूच्या क्षाराचे द्रावण बारीक फवारायचे; पाणी उडून जाते, क्षाराचे विघटन होते आणि काचेवर ऑक्साइडचा थर धरतो. खर्च बेताचा, त्यामुळे आपल्याकडच्या प्रयोगशाळांना मानवणारा.

या थरावर हवेतला ऑक्सिजन चिकटतो आणि थरातले इलेक्ट्रॉन अडवून धरतो. कार्बन मोनॉक्साइड आला तर तो या ऑक्सिजनशी संयोग पावतो, इलेक्ट्रॉन मोकळे होतात आणि विद्युतरोध घटतो. नायट्रोजन डायऑक्साइड उलट स्वतःच इलेक्ट्रॉन ओढतो; रोध वाढतो. मोजायचा असतो तो एवढा फरक. ऑक्सिजनचा हा परिणाम पृष्ठभागापासून सुमारे 3 नॅनोमीटर खोलवरच पोहोचतो. म्हणून थर टिन ऑक्साइडचा असेल, तर त्याचा कण 6 नॅनोमीटरपेक्षा लहान केला की तो सगळाच्या सगळा कामाला लागतो आणि संवेदनशीलता एकदम उसळते. नोबोरू यामाझोए यांच्या गटाने 1991 मध्ये हे दाखवून दिले.

इथवर सगळे छान. पण भारतीय मानकानुसार नायट्रोजन डायऑक्साइडची 24 तासांची मर्यादा आहे घनमीटरला 80 मायक्रोग्रॅम, म्हणजे अब्जात सुमारे 42 भाग. आणि कित्येक शोधनिबंध सेन्सरचा प्रतिसाद सांगतात तो 100 पीपीएमला (दशलक्षात 100 भाग), म्हणजे दोन हजार पटींहून जास्त! हवेत खरोखर एवढा वायू असेल, तर सेन्सर वाचत बसायला माणूस तिथे थांबणार नाही.

दुसरी अडचण पाण्याची. बाष्पाचे रेणू त्याच पृष्ठभागावर जागा अडवतात. म्हणून सेन्सर बहुधा 200 ते 400 अंशांपर्यंत तापवतात, तरी दमट हवेत आकडे सरकतातच. शिवाय एकच थर दोन वायूंतला फरक नीट सांगत नाही. त्यासाठी वेगवेगळे थर एकत्र वापरावे लागतात, सोबत आर्द्रतामापकही लागतो.

प्रयोगशाळेतल्या कोरड्या हवेत पाण्याची ही अडचण दिसत नाही. गगनबावड्यात जूनपासून पाऊस आणि धुके मुक्कामाला असतात, आणि प्रयोगशाळा तर जिल्ह्यातच आहेत. तेव्हा संशोधकांना एवढीच विनंती: एक पावसाळा तुमचा सेन्सर तिथे प्रमाणित यंत्राशेजारी ठेवा, आणि निबंधात 100 पीपीएमच्या आलेखासोबत तो आलेखही छापा, बिघडलेला असला तरी.