भाऊ दाजी लाड संग्रहालय, मुंबई

मुंबईतील सर्वांत जुने सार्वजनिक संग्रहालय. भायखळा येथील वीरमाता जिजाबाई भोसले उद्यानाच्या म्हणजेच राणीच्या बागेच्या प्रवेशद्वारालगत ते असून त्याची मालकी मुंबई महानगरपालिकेकडे आहे. २ मे १८७२ रोजी ‘व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्यूझियम’ या नावाने ते लोकांस खुले झाले. १ नोव्हेंबर १९७५ रोजी त्यास डॉ. भाऊ दाजी लाड यांचे नाव देण्यात आले. संग्रहात सु. ३,५०० वस्तू असून त्यांत धातुकाम, मृत्पात्री, हस्तिदंती व लाकडी कोरीवकाम, लाखकाम, वस्त्रे, मातीच्या बाहुल्या, प्रतिकृती, मुंबईचे नकाशे व छायाचित्रे यांचा भरणा आहे. प्राचीन मूर्ती किंवा दरबारी चित्रे पाहण्याच्या अपेक्षेने येणाऱ्यास येथे फारसे काही सापडत नाही. हा अभाव योगायोगाचा नाही. संग्रहालय ज्या हेतूने निघाले, त्या हेतूतच त्याचे मूळ आहे.

लंडन येथील १८५१ च्या व पॅरिस येथील १८५५ च्या आंतरराष्ट्रीय प्रदर्शनांसाठी मुंबई इलाख्यातून कच्चा माल व कारागिरीच्या वस्तू गोळा करण्यात आल्या. पॅरिसला पाठवावयाच्या वस्तूंचा एकेक जादा नमुना मुंबईतच ठेवावा आणि व्यापाऱ्यांस तो पाहता यावा, अशी कल्पना पुढे आली. त्यातून गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन यांच्या कारकीर्दीत कोटातील टाऊन बॅरॅक्समध्ये १८५७ साली सरकारी मध्यवर्ती संग्रहालय सुरू झाले. त्याचे स्वरूप कलादालनाचे नव्हते. धान्ये, तेलबिया, कापूस, खनिजे यांच्या शेजारीच बिदरी हुक्के व कोरीव पेट्या मांडलेल्या असत, कारण दोहोंकडे निर्यातीचा माल याच दृष्टीने पाहिले जाई. त्याच वर्षी उठावामुळे बॅरॅक्सची जागा सैन्यास हवी झाली. संग्रह घाईने टाऊन हॉलमध्ये हलविण्यात आला व त्यात बऱ्याच वस्तूंची नासधूस झाली. उरलेल्या वस्तू सावरण्याचे काम डॉ. जॉर्ज बर्डवुड (१८३२–१९१७) यांनी हाती घेतले.

स्वतंत्र इमारतीची चळवळ १८५८ मध्ये सुरू झाली. बर्डवुड, भाऊ दाजी व जगन्नाथ शंकरशेट हे तिचे प्रमुख प्रवर्तक होत. राजनिष्ठेचे प्रदर्शन हा या चळवळीचा बाह्य भाग होता आणि राणीचे नाव पुढे केल्याने वर्गण्या मिळणेही सोपे गेले. तथापि शहरासाठी विद्येचे एक कायम स्थान उभे करावे, ही भाऊ दाजी व शंकरशेट यांची तळमळ त्यामागे होती. गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या हस्ते १९ नोव्हेंबर १८६२ रोजी कोनशिला बसविण्यात आली. अमेरिकन यादवी युद्धामुळे मुंबईच्या कापसास त्या वेळी सोन्याचा भाव आला होता व देणगीदारांचे हात सैल होते. १८६५ मध्ये युद्ध संपताच शेअर बाजार कोसळला, अनेक पेढ्या बुडाल्या आणि इमारतीचे काम थांबले. अखेर सरकारने पैसा पुरवून ते पुरे केले. भाऊ दाजींनाही या सट्ट्यात मोठा फटका बसला. संग्रहालय उघडल्यानंतर दोनच वर्षांनी, १८७४ मध्ये, ते वारले.

इमारतीचा आराखडा विल्यम ट्रेसी यांचा असून काम स्कॉट, मॅक्लेलंड आणि कंपनी यांनी पूर्णत्वास नेले. बाहेरून ती इटालियन प्रबोधनकालीन वळणाची व संयत आहे. आत मात्र ओतीव लोखंडाचे उंच स्तंभ, सज्जाचे नक्षीदार कठडे, फिकट हिरवा रंग व छतावरील रंगीत वेलबुट्टी यांनी दालन भरून गेले आहे. मध्यभागी राजपुत्र अल्बर्ट यांचा मॅथ्यू नोबल यांनी घडविलेला संगमरवरी पुतळा आहे. तो डेव्हिड ससून यांची देणगी असून त्यावर इंग्रजीसोबत हिब्रू लेखही आहे. मुंबईच्या नागरी संस्थांना कोणकोणत्या समाजांनी हातभार लावला, याची ही एक बोलकी खूण म्हणावी लागेल.

संग्रहालयाच्या कलाविषयक दृष्टीवर बर्डवुड यांची छाप खोल आहे. त्यांचा द इंडस्ट्रियल आर्ट्स ऑफ इंडिया हा ग्रंथ १८८० मध्ये प्रसिद्ध झाला. तांबट, विणकर, कुंभार यांच्या हस्तकौशल्याविषयी त्यांना मनापासून आदर होता व यंत्रोत्पादित मालामुळे हे कौशल्य लयास जाईल, अशी भीती त्यांना वाटे. तरीही भारतास ललित कला अशी नाहीच, हे त्यांचे मत शेवटपर्यंत टिकले. १९१० मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटी ऑफ आर्ट्स येथील सभेत जावा बेटावरील एका बुद्धमूर्तीची तुलना त्यांनी उकडलेल्या खाद्यपदार्थाशी केली. त्यावर मोठा वाद माजला व भारतीय कलेच्या पुरस्कारासाठी ‘इंडिया सोसायटी’ स्थापन झाली. लोट्याच्या घाटात ज्यास सौंदर्य दिसले, त्यास ध्यानस्थ बुद्धात ते दिसू नये, ही विसंगती एकट्या बर्डवुड यांची नव्हती. कारागीर आणि कलावंत यांत भेद करणाऱ्या त्या काळच्या युरोपीय विचाराची ती होती. भायखळ्याचा संग्रह याच भेदावर उभा आहे. त्यातील बहुसंख्य वस्तूंवर गावाचे नाव मिळते, घडविणाऱ्याचे मिळत नाही.

धातुकामात बिदरी भांडी लक्षणीय आहेत. जस्ताच्या काळवंडविलेल्या मिश्रधातूवर चांदीची तार वा पत्रा ठोकून बसविण्याचे हे काम आहे. हस्तिदंत, शिंग व चंदन यांवरील कोरीवकाम आणि लाकडावर बारीक रंगीत तुकड्यांची भौमितिक जडण केलेल्या पेट्या यांतून इलाख्यातील निर्यातव्यापाराची कल्पना येते. यांतील पुष्कळ वस्तूंचे आकार परदेशी घरांतील आहेत; भेटपत्रे ठेवण्याची पेटी मराठी घरात कोणी वापरीत नसे. याहून वेगळे मोल मुंबईच्या सर जमशेटजी जीजीभाई कलाशाळेत तयार झालेल्या चिनीमातीच्या पात्रांस आहे. या शाळेतील कुंभारकाम जॉर्ज विल्किन्स टेरी यांनी नावारूपास आणले. जॉन ग्रिफिथ्स यांच्या देखरेखीखाली १८७२ ते १८८५ या काळात विद्यार्थ्यांनी अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती केल्या. त्यांतील आकृती व वेली पुढे या फुलदाण्यांवर उतरल्या. अजिंठ्याच्या शिलालेखांचे वाचन भाऊ दाजींनी याच्या थोडे आधी प्रसिद्ध केले होते. ललित कलेस ज्या संग्रहात जागा नव्हती, तेथे ती अशी भांड्यांवरून आली.

विसाव्या शतकाच्या आरंभी कलाशाळेचे प्राचार्य सेसिल बर्न्स यांच्याकडे संग्रहालयाचीही सूत्रे आली. व्यापारी नमुन्यांचे महत्त्व तोवर ओसरले होते. बर्न्स व त्यांच्यानंतर अर्नेस्ट फर्न यांच्या काळात मुंबईचे जीवन दाखविणाऱ्या मातीच्या बाहुल्या व त्रिमितीय देखावे तयार झाले. निरनिराळ्या जातिजमातींचे पोशाख, पगड्या, धंदे, खेळ, गलबते, पारशी दख्मा असे विषय त्यांत आहेत. माणसांकडे केवळ जातीचे नमुने म्हणून पाहण्याची शासकीय दृष्टी येथे उघड आहे. परंतु त्या पगड्या व ते धंदे बव्हंशी नाहीसे झाल्याने या बाहुल्या आज शहराच्या इतिहासाचे साधन ठरल्या आहेत. सात बेटांपासून शहर कसे जोडले गेले, हे दाखविणारे नकाशेही त्याच कारणाने अभ्यासकांस उपयुक्त आहेत.

प्रिन्स ऑफ वेल्स म्यूझियम (आताचे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय) १९२२ मध्ये खुले झाल्यावर पुरातत्त्व व चित्रकला यांचे अभ्यासक तिकडे वळले. भायखळ्याच्या संग्रहालयास राणीच्या बागेतील प्राणी पाहून परतणारी मंडळी तेवढी येत राहिली. गर्दीच्या दृष्टीने ही संख्या लहान नव्हती, पण संग्रहाच्या देखभालीस त्याचा लाभ झाला नाही. छताची गळती, ओल आणि वेळोवेळी दिलेले रंगाचे थर यांनी मूळ सजावट झाकली गेली. १९७५ चे नामांतर उचित होते. मात्र ते होऊनही वास्तूची दशा पालटली नाही.

२००३ मध्ये महानगरपालिका, भारतीय राष्ट्रीय कला व सांस्कृतिक वारसा न्यास (इंटॅक) आणि जमनालाल बजाज प्रतिष्ठान यांच्यात करार होऊन जीर्णोद्धार सुरू झाला. संवर्धन वास्तुविशारद विकास दिलावरी व इंटॅकच्या तस्नीम झकारिया मेहता यांनी तो पार पाडला. जुने थर खरवडून मूळ रंग शोधण्यात आले, नक्षीवर पुन्हा सोन्याचा वर्ख चढविण्यात आला, लाकडी काचकपाटे दुरुस्त झाली व वस्तूंवर प्रयोगशाळेत उपचार करण्यात आले. या कामास २००५ मध्ये युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक विभागातील सर्वोच्च वारसा पुरस्कार मिळाला आणि ४ जानेवारी २००८ रोजी संग्रहालय पुन्हा खुले झाले. त्यानंतर सुदर्शन शेट्टी, जितिश कल्लाट, एल्. एन्. तल्लूर, अतुल डोडिया इ. समकालीन कलावंतांची प्रदर्शने या दालनांत भरविण्यात आली. जुन्या काचकपाटांच्या सान्निध्यात आपली कृती मांडताना त्यांना या संग्रहाशीच संवाद करावा लागतो. निनावी कारागिराच्या वस्तूशेजारी नामांकित कलावंताची वस्तू ठेवल्याने बर्डवुडकालीन भेद पुन्हा विचारात घेतला जातो, हे या उपक्रमाचे विशेष होय.

इमारतीबाहेरील वस्तूंपैकी काळ्या पाषाणाचा अखंड हत्ती सर्वांत महत्त्वाचा. घारापुरी बेटास ‘एलिफंटा’ हे नाव ज्यावरून पडले, तोच हा हत्ती. १८६४ मध्ये तो इंग्लंडला नेण्याच्या खटपटीत फुटला. त्याचे तुकडे बागेत आणून ठेवण्यात आले व १९१४ मध्ये कॅडेल आणि ह्यूएट यांनी ते जुळवून तो उभा केला. सांधे अद्याप दिसतात. मागील अंगणात कॉर्नवॉलिस, वेलस्ली व राणी व्हिक्टोरिया यांचे पुतळे आहेत. शहरातील चौकांत त्यांची विटंबना झाल्यानंतर १९६० च्या दशकात ते येथे हलविण्यात आले असून काहींची डोकी व हात नाहीत.