कमी पैशांत ट्रेकसाठी सॅक घेताय? आधी कंबरपट्टा पाहा

खेड तालुक्यातील रसाळगड-सुमारगड-महिपतगड हा मुक्कामाचा ट्रेक. शिधा, अंथरूण, पाणी मिळून पाठीवर सहज दहा किलो होतात. कॉलेजची साधी बॅग हे सगळे खांद्यांवर टाकते.

फ्रेम काय करते?
सॅकच्या पाठीतील पट्ट्या ओझे कंबरपट्ट्याकडे नेतात. पट्टा कंबरेच्या हाडावर घट्ट बसला, की खांदे मोकळे होतात.

आतली की बाहेरची?
बाहेरच्या सांगाड्याची सॅक परदेशात शिकारीचे मांस वाहायला वापरतात. आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे. शिवाय असा सांगाडा करवंदीच्या जाळीत अडकतो. आतली फ्रेमच बरी.

माप कसे घ्याल?
मान झुकवल्यावर मागे वर येणाऱ्या हाडापासून कंबरेच्या हाडाच्या रेषेपर्यंत पाठ मोजा. दुकानात ८-१० किलो भरून दहा मिनिटे चालून पाहा.

पैसे कुठे वाचतील?
एक-दोन मुक्कामांना ४५-५० लिटर पुरतात. जादा कप्पे, मोठे नाव नको. पावसासाठी आत जाड प्लास्टिकची पिशवी लावा. पट्टा, बकल आणि शिलाईत मात्र काटकसर नको. गडाच्या वाटेवर तुटलेले बकल बदलून मिळत नाही.