संकटापूर्वीची बेगमी

महापूर, चक्रीवादळ किंवा भूकंप यांसारख्या आपत्तीत शासकीय यंत्रणा कितीही तत्पर असली, तरी रस्ते खचलेले, वीज गेलेली आणि मोबाइलचे मनोरे बंद पडलेले असताना प्रत्येक दारापर्यंत मदत पोहोचण्यास वेळ लागतोच, आणि तोवर कुटुंबाला घरात जे आहे त्यावरच निभावून न्यावे लागते. म्हणूनच आपत्ती व्यवस्थापनाच्या क्षेत्रात प्रत्येक घराने किमान तीन दिवस, आणि शक्य असल्यास आठवडाभर, बाहेरच्या पुरवठ्याशिवाय राहता येईल इतकी तयारी ठेवावी, असा सल्ला सर्वत्र दिला जातो. जपानमध्ये ही शिकवण घराघरांत रुजली असून 1923 च्या कांतो भूकंपाच्या स्मरणार्थ 1 सप्टेंबर हा दिवस तेथे आपत्ती प्रतिबंध दिन म्हणून पाळला जातो, तर स्वीडनच्या सरकारने 2018 मध्ये याच विषयावरची मार्गदर्शक पुस्तिका देशातील घरोघरी पाठवली.

महाराष्ट्राला ही कल्पना परकी नाही. पावसाळ्यात वाटा बंद होतात हे ठाऊक असल्यामुळे कोकणातील कुटुंबे मे महिन्यातच आगोटीची खरेदी, म्हणजे पावसाळ्याच्या चार महिन्यांची तजवीज, उरकून घेत असत, आणि तांदूळ, कुळीथ, सुकी मासळी, आमसुले, मीठ, सरपण यांनी घर भरल्याशिवाय गृहिणीला स्वस्थता लाभत नसे. घाटावर वर्षाचे धान्य उन्हात वाळवून कणगीत भरणे आणि उन्हाळ्यात पापड, कुरडया, सांडगे करून ठेवणे हा त्याच दूरदृष्टीचा भाग होता. कोपऱ्यावरचे दुकान आणि घरपोच सेवा यांमुळे ही सवय शहरांतून ओसरली असली, तरी ज्या धोक्यांमुळे ती निर्माण झाली, ते धोके मात्र कमी झालेले नाहीत.

26 जुलै 2005 रोजी दुपारनंतरच्या काही तासांत कोसळलेल्या पावसाने मुंबई ठप्प झाली, आणि सांताक्रूझ येथे चोवीस तासांत 944 मिलिमीटर पावसाची नोंद झाली. ऑगस्ट 2019 च्या महापुरात कोल्हापूरजवळ पुणे-बंगळूरू महामार्ग अनेक दिवस बंद राहिल्याने दूध, भाजीपाला आणि इंधन यांची टंचाई भासली, तर 3 जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळानंतर रायगड आणि रत्नागिरी जिल्ह्यांतील अनेक गावे दीर्घकाळ अंधारात राहिली. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारी परिसरात झालेल्या भूकंपाने तर पूर्वसूचनेला वावच ठेवला नाही. प्रत्येक वेळी आपत्तीचे रूप वेगळे असले, तरी पाणी, अन्न, प्रकाश, औषध आणि संपर्क यांत पडणारा खंड समान होता, आणि घरगुती तयारीचा विचार या खंडापासूनच सुरू करावा लागतो.

आधी पाणी

नवशिक्या कुटुंबाचे लक्ष प्रथम धान्याकडे जाते. वास्तविक सर्वांत आधी विचार करावा लागतो तो पाण्याचा, कारण अन्नावाचून माणूस काही दिवस तग धरू शकतो, पाण्यावाचून नाही. पूर आला की नळाचे पाणी हमखास बंद पडते, कारण नदीकाठची उपसा केंद्रे, म्हणजे नदीतून पाणी खेचणारे पंप, स्वतःच पाण्याखाली जातात, आणि विहिरींत गढूळ, दूषित पाणी मिसळते. पिण्यासाठी माणशी दररोज सुमारे तीन लिटर आणि स्वयंपाक, हात-तोंड धुणे यांसाठी आणखी दोन लिटर धरल्यास चौघांच्या कुटुंबाला तीन दिवसांसाठी साठ लिटर, म्हणजे बाजारात मिळणारे वीस लिटरचे तीन जार, पुरतात. हे जार घट्ट झाकणाचे असावेत, सावलीत ठेवावेत आणि नळाचे पाणी भरलेले असल्यास ठरावीक दिवसांनी रिकामे करून, धुऊन पुन्हा भरावेत.

साठा संपल्यावर मिळेल ते पाणी शुद्ध करण्याची सोय हवी, आणि येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. तुरटी फिरवल्याने पाण्यातील गाळ तळाशी बसतो व पाणी नितळ दिसते, परंतु त्यातील रोगजंतू त्यामुळे मरतात असे समजता येत नाही. म्हणून निवळलेले पाणी गाळून खळखळ उकळावे, किंवा क्लोरीनचे द्रावण अथवा गोळ्या वेष्टनावरील प्रमाणानुसार घालून अर्धा तास झाकून ठेवावे, आणि मगच प्यावे. जुलाब झाल्यास शरीरातील पाणी झपाट्याने कमी होते, यासाठी क्षारसंजीवनीची पाकिटे जवळ असावीत. ती नसतील तर एक लिटर शुद्ध पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ विरघळवून ते थोडे थोडे पाजता येते.

चुलीविना चालणारे अन्न

अन्नाचा साठा दोन थरांत विचारात घ्यावा. पहिला थर न शिजवता खाता येणाऱ्या पदार्थांचा असून मराठी स्वयंपाकघर त्यात विलक्षण समृद्ध आहे. भाजलेला गहू आणि डाळे दळून केलेले सातूचे पीठ पाण्यात गूळ कालवून तसेच खाता येते, पातळ पोह्यांचे दडपे पोहे विस्तवाशिवाय होतात, आणि चुरमुरे, फुटाणे, शेंगदाणे-गूळ, राजगिऱ्याचे लाडू, खजूर हे पदार्थ पोटभरीचे, टिकाऊ आणि लहानमोठ्या सर्वांना चालणारे आहेत. दुसरा थर शिजवण्याच्या शिध्याचा: चौघांच्या कुटुंबाला आठवड्यासाठी तांदूळ आणि पीठ मिळून दहा-बारा किलो, दोन किलो डाळ, एक लिटर तेल, तसेच मीठ, तिखट, साखर आणि दुधाची पावडर असा हिशेब साधारणपणे पुरतो. लवकर शिजणारी मूगडाळ आणि तांदळाची कणी इंधन वाचवतात, त्यामुळे त्यांना प्राधान्य द्यावे. गॅसचा भरलेला दुसरा सिलिंडर किंवा लहान पाच किलोचा सिलिंडर असल्यास उत्तम. मात्र कोळशाची शेगडी बंद खोलीत कधीही पेटवू नये, कारण तिच्यातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड हा वासहीन वायू झोपेतच जीव घेतो.

साठवलेल्या धान्याचा मोठा शत्रू म्हणजे ओलावा, आणि ओलाव्यापाठोपाठ येणारी कीड. धान्य कडक उन्हात वाळवून, पूर्ण गार झाल्यावर हवाबंद डब्यात भरावे. गरम असतानाच झाकण लावल्यास आत वाफ धरून बुरशी येते. तूरडाळीला एरंडेल चोळणे आणि धान्यात वाळलेला कडुलिंबाचा पाला घालणे हे जुने उपाय घरगुती प्रमाणात आजही उपयोगी आहेत. याउलट ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या, धान्याच्या गोळ्या म्हणून ओळखल्या जाणाऱ्या विषारी गोळ्या राहत्या घरात मुळीच वापरू नयेत, कारण हवेतील ओलाव्याने त्यांतून सुटणारा फॉस्फीन वायू किडीप्रमाणेच माणसालाही मारतो आणि त्यावर उतारा नाही.

औषधे, प्रकाश आणि कागदपत्रे

रक्तदाब, मधुमेह, थायरॉइड, फिट्स यांची औषधे ज्यांना रोज लागतात, त्यांच्यासाठी डॉक्टरांच्या सल्ल्याने किमान दोन आठवड्यांचा जादा साठा ठेवणे आणि औषधांच्या चिठ्ठीची प्रत त्यासोबत असणे ही चैन नसून गरज आहे. इन्शुलिनच्या न उघडलेल्या कुप्या शीतकपाटात ठेवाव्या लागतात. वीज गेल्यास ओल्या मातीच्या मडक्यातील गारव्याचा आधार घेता येतो, कारण मडक्याच्या अंगातून झिरपणाऱ्या पाण्याचे बाष्पीभवन होताना आतील तापमान उतरते. याखेरीज जखमेसाठी मलमपट्टी, सॅनिटरी पॅड, तान्ह्या बाळाच्या गरजेच्या वस्तू, चष्म्याची जादा जोडी आणि जनावरे असतील तर कोरडा चारा, हे सारे त्या त्या कुटुंबाने आपापल्या घरातील माणसे आणि मुकी जनावरे डोळ्यांपुढे आणून ठरवावे.

प्रकाशासाठी मेणबत्तीपेक्षा बॅटरी श्रेयस्कर, विशेषतः भूकंपानंतर, कारण गॅसची गळती झालेली असल्यास एक ठिणगी पुरेशी होते. भारित पॉवर बँक आणि सेलवर चालणारा रेडिओ यांमुळे अफवांच्या काळात अधिकृत सूचना मिळत राहतात. मोबाइल बंद पडला की त्यातील क्रमांकही हाती राहत नाहीत, म्हणून नातलगांचे क्रमांक, तसेच सर्व आपत्कालीन सेवांसाठी 112, रुग्णवाहिकेसाठी 108 आणि जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षासाठी 1077 हे क्रमांक कागदावर लिहून ठेवावेत. आधार कार्ड, शिधापत्रिका, सातबारा, विमापत्रे आणि बँकेची पुस्तके जलरोधक पिशवीत एकत्र ठेवावीत, त्यांच्या प्रती डिजिलॉकरमध्ये किंवा परगावच्या नातलगाकडे असाव्यात, आणि सोबत सुट्या नोटांत थोडी रोकड असावी, कारण वीज गेल्यावर एटीएम आणि मोबाइलवरील व्यवहार दोन्ही थांबतात.

जागा आणि फिरता साठा

साठा कोठे ठेवावा हे गावानुसार ठरते. पूरप्रवण भागात तो माळ्यावर किंवा वरच्या मजल्यावर हवा, तर भूकंपप्रवण भागात जड वस्तू खालीच हव्यात, नाहीतर त्या अंगावर कोसळतात. चिपळूणसारख्या, वाशिष्ठीचा पूर आणि कोयना परिसरातील भूकंपाचे धक्के असा दुहेरी धोका असलेल्या ठिकाणी हलके अन्न व कागदपत्रे उंचावर आणि पाण्याचे जार वरच्या मजल्याच्या जमिनीवर, अशी विभागणी सोयीची ठरते. घर सोडण्याची वेळ आल्यास उचलून निघता येईल अशी एक पिशवी वेगळी भरलेली असावी, आणि निघण्यापूर्वी विजेचा मुख्य खटका व गॅसचा रेग्युलेटर बंद करण्याचे काम कोणाचे, हेही घरात आधीच ठरलेले असावे.

या साऱ्यासाठी एकदम मोठा खर्च करण्याची आवश्यकता नाही. दर महिन्याच्या वाणसामानात एक-दोन वस्तू जादा आणल्या, जुने आधी वापरले आणि जितके वापरले तितके नवे मागे ठेवले, तर काही महिन्यांत आठवड्याचा साठा उभा राहतो आणि काहीही वाया जात नाही. जपानमध्ये प्रचलित असलेली फिरत्या साठ्याची पद्धत हीच असून तिचा लाभ असा की संकटात खावे लागणारे अन्न घराच्या रोजच्या सवयीचे असते.

बेगमी आणि साठेबाजी यांतील भेद काळाचा आहे. बाजारात मुबलक माल असताना हळूहळू केलेली तजवीज कोणाच्याही तोंडचा घास काढत नाही. उलट संकट दारात आल्यावर केलेली धावपळीची खरेदी दुकाने रिकामी करते आणि हातावर पोट असणाऱ्यांना उपाशी ठेवते, याचा अनुभव मार्च 2020 च्या टाळेबंदीत देशाने घेतला. रोजंदारीवर जगणाऱ्या कुटुंबाला आठवड्याचा शिधा बाजूला काढणे शक्य नसते, आणि म्हणून गृहनिर्माण संस्था, ग्रामपंचायती, बचत गट आणि तरुण मंडळे यांनी पाण्याच्या टाक्या, कोरडा शिधा, दोर, बॅटऱ्या आणि प्रथमोपचाराचे साहित्य यांचा सामायिक साठा पावसाळ्यापूर्वीच सिद्ध ठेवणे हे त्यांचे कर्तव्य ठरते. ज्या घराची तयारी आहे ते घर मदतीच्या रांगेत उभे राहत नाही, आणि त्याने न घेतलेले अन्नाचे पाकीट व होडीतील जागा ज्याला खरोखर निकड आहे त्याच्या वाट्याला येते. स्वतःच्या घराची बेगमी ही म्हणूनच शेजाऱ्यालाही केलेली मदत आहे, आणि तिचा आरंभ पाण्याचे तीन जार भरून याच आठवड्यात करता येण्यासारखा आहे.