गुलाबाचं फूल का बिघडलं?

गुलाबाला कळ्या भरपूर लागतात, पण फूल नीट उमलत नाही, कडा करपतात. मग आपण दुकानात जाऊन ‘रोगाचं औषध द्या’ म्हणतो. पण बुरशीचं औषध किडीवर चालत नाही. पैसे जातात आणि फूलही हारवाल्याकडं जात नाही. म्हणून फवारणीआधी झाड नीट बघा.

पहिलं, फूल पांढऱ्या कागदावर झटका. पिवळसर-तपकिरी, बारीक दोऱ्याच्या तुकड्यासारखे किडे पळताना दिसले, तर ते फुलकिडे. ते बंद कळीतच रस शोषतात; म्हणून पाकळीची कड तपकिरी होते, फूल वाकडं उमलतं. कोरड्या, उन्हाच्या दिवसांत ते फार वाढतात. खराब कळ्या-फुलं तोडून जाळा. झाडाखाली टाकू नका, किडे परत चढतात. निळे चिकट सापळे लावा. लिटरभर पाण्यात ५ मिली निंबोळी तेल आणि थोडा साबण मिसळून संध्याकाळी फवारा. आठवड्यानं पुन्हा फवारा.

दुसरं, कळीवर, देठावर पिठासारखा पांढरा थर असेल तर ती भुरी, म्हणजे बुरशी. इथं लिटरला २ ग्रॅम पाण्यात मिसळणारं गंधक चालतं. मात्र कडक उन्हात मारू नका, पानं भाजतात. गंधक आणि तेलाच्या फवारणीत किमान दोन आठवडे अंतर ठेवा.

तिसरं, कीडही नाही, भुरीही नाही, पण फुलं लहान आणि फिकी? मग कोवळं पान बघा. पान पिवळं आणि शिरा हिरव्या असतील तर झाडाला लोह मिळत नाही. आपल्याकडं बोअरचं पाणी अनेक ठिकाणी खारं. मातीवर पांढरा थर दिसतो का, तेही बघा. अशा झाडाला औषध नको. कुजलेलं शेणखत घाला, पाणी साचू देऊ नका, पावसाचं पाणी साठवून तेच द्या. फार पिवळं पडलं तर चिलेटेड लोह पाकिटावरच्या प्रमाणात फवारा.

छाटणीचा हिशोबही सोपा आहे. छाटणीनंतर साधारण ४५ दिवसांनी फुलं येतात. आपल्या सिद्धनाथाचा रथ मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदेला. कोजागरीच्या सुमारास छाटलं, तर फूल रथाला हाताशी येतं. रोगट, वाळकी फांदी बाहेर तोंड केलेल्या डोळ्याच्या वर तिरकी कापा.

आणि रासायनिक औषध मारलेल्या फुलांचा गुलकंद कधीच करू नका.